सगळ्यांना ठाऊक असलेली हूल

समजा, तुम्ही फुटबॉलच्या संघात लेफ्ट बॅक आहात, म्हणजे डावी बाजू राखणारे. समोरून एक विंगर चेंडू घेऊन येतोय. धावत नाही हं, जवळजवळ चालतच येतोय. तो काय करणार हे तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय. कोचनी सांगितलंय, कॅप्टननी सांगितलंय, येताना गाडीत गोलकीपरनेसुद्धा सांगितलंय: 'तो आत घुसायचं नाटक करेल आणि बाहेरून, रेषेच्या कडेने पळेल. नेहमी हेच करतो. फसू नकोस.'

तो येतो. आत घुसायचं नाटक करतो. तुम्ही फसता. तो रेषेच्या कडेने निघून जातो.

पाच मिनिटांनी स्वारी पुन्हा हजर. पुन्हा तेच नाटक. पुन्हा तुम्ही गवतावर बसलेले, आणि स्टँडमधली हजारो माणसं पोट धरधरून हसताहेत.

असं हसं करून घेणाऱ्या लेफ्ट बॅकची इंग्लंडमध्ये एक मोठी रांगच होती, आणि ती लावणारा माणूस एकच: स्टॅन्ली मॅथ्यूज. उजव्या विंगचा खेळाडू. १९३२ साली त्याने पहिला व्यावसायिक सामना खेळला आणि शेवटचा खेळला १९६५ साली. तेव्हा तो ५० वर्षं आणि ५ दिवसांचा होता! आजोबा होण्याच्या वयात तो इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांना चकवत होता. त्याची हूल मात्र मुख्यतः तीच. ३३ वर्षं तीच.

आता मला सांगा, एखादी जादू कशी करतात हे सगळ्यांना माहीत असेल, तर ती चालेल का? टोपीत ससा आहे हे आधीच सांगितलं, तर कोण टाळ्या वाजवेल? मग ही हूल तेहतीस वर्षं चालली कशी? सगळे म्हणतात, त्याच्या पायात जादू होती. अर्धं उत्तर त्याच्या पायात आहे हे खरं. पण उरलेलं अर्धं आहे त्या बिचाऱ्या लेफ्ट बॅकच्या मेंदूत. आणि तो मेंदू तुमच्याकडे आणि माझ्याकडेही आहे.

आधी विंगर म्हणजे कोण ते पाहू. फुटबॉलचं मोठं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. मधल्या पट्ट्यात नुसती झुंबड. पाय, कोपरं, ढकलाढकली. विंगर त्या गर्दीत जात नाही. तो अगदी कडेला, पांढऱ्या रेषेला चिकटून उभा राहतो. त्याचं काम म्हणजे समोरच्या बॅकला चकवायचं, खोल गोलरेषेपर्यंत जायचं आणि तिथून गोलसमोर चेंडू टाकायचा. या चेंडूला क्रॉस म्हणतात. मग मधल्या फॉरवर्डने डोक्याने किंवा पायाने तो गोलात ढकलायचा आणि स्वतः हिरो व्हायचं. विंगरच्या वाट्याला गोल कमी येतात. मॅथ्यूज इंग्लंडकडून ५४ सामने खेळला, त्यांत त्याचे गोल ११. पण त्याच्या क्रॉसवर दुसऱ्यांनी केलेले गोल मोजायला बसलात तर वही पुरायची नाही.

कडेला उभं राहण्यात एक मोठी अडचण आहे. तुमच्या एका बाजूला रेषा असते, आणि चेंडू रेषेपलीकडे गेला की संपलं, तो समोरच्या संघाचा. म्हणजे ती रेषा एका पैचाही पगार न घेता बॅकच्या बाजूने खेळत असते. मॅथ्यूजने पळायला नेमकी तीच अरुंद वाट निवडली होती. थोडा आगाऊपणाच म्हणायचा.

हा आगाऊपणा आला कुठून? इंग्लंडच्या मध्यभागी स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं शहर आहे. कपबशा आणि चिनीमातीची भांडी बनवण्यासाठी ते जगभर प्रसिद्ध. त्या काळी तिथे गल्लोगल्ली भट्ट्या होत्या आणि आकाशात कायम धूर. या शहरातल्या हॅन्ली भागात १ फेब्रुवारी १९१५ रोजी स्टॅन्लीचा जन्म झाला. वडील जॅक मॅथ्यूज न्हावी होते आणि बॉक्सरसुद्धा. दिवसा लोकांच्या दाढ्या करायच्या आणि संध्याकाळी रिंगणात ठोसे मारायचे! लोक त्यांना लढवय्या न्हावी म्हणत. मुलाने बॉक्सर व्हावं असं त्यांना फार वाटायचं. रोज पहाटे ते स्टॅन्लीला उठवत, खिडकी उघडत, आणि मग थंडी असो की पाऊस, दीर्घ श्वास आणि व्यायाम. मुलगा बॉक्सर झाला नाही, पण पहाटेची सवय त्याला आयुष्यभर पुरली.

शाळेतून आला की तो स्वयंपाकघरातल्या खुर्च्या उचलून मागच्या अंगणात मांडायचा आणि त्यांच्यामधून चेंडू काढत पळायचा. खुर्चीला धक्का लागला नाही पाहिजे. आईला बसायला खुर्ची मिळत होती का, हे कुठे वाचायला मिळालं नाही.

पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटी क्लबमध्ये लागला. खेळाडू म्हणून नव्हे, ऑफिसातला पोऱ्या म्हणून! पत्रं टाकायची, निरोप पोचवायचे, आठवड्याला एक पौंड पगार. सतराव्या वाढदिवशी क्लबने त्याला व्यावसायिक खेळाडू करून घेतलं आणि पगार झाला पाच पौंड. एकोणिसाव्या वर्षी तो इंग्लंडच्या संघात होता आणि वेल्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. १९३८ साली त्याने क्लब सोडायची परवानगी मागितली, तर शहरात निषेध सभा भरली. सभागृहात तीन हजारांवर माणसं, बाहेर आणखी हजारभर. मागणी एकच, मॅथ्यूज जाता कामा नये. पोराने गाव सोडू नये म्हणून अख्खं गाव सभा भरवतं, यावरून त्याच्या हुलीचं वजन कळेल. पोरगं थांबलं.

आता ती हूल जवळून बघू. अगदी हळू, एकेक चित्र थांबवून.

मॅथ्यूज चेंडू उजव्या पायाजवळ ठेवून बॅकच्या दिशेने येतो. वेग जवळजवळ नाहीच. खांदे थोडे वाकलेले, हात खाली. बॅक मागे मागे सरकतो. मॅथ्यूज आणखी जवळ येतो, इतका की बॅकने पाय लांब केला तर चेंडू मिळेल असं वाटावं. आणि मग त्याचं सगळं धड डावीकडे झुकतं. नुसता खांदा नाही. डोकं, छाती, कंबर, सगळं. पडतोय की काय असं वाटावं इतकं. डावा गुडघा वाकतो. बॅकला वाटतं, हा चालला आत. तोही तिकडे सरकतो. तेवढ्यात मॅथ्यूजच्या उजव्या पावलाची बाहेरची कड चेंडूला हलकेच लागते, चेंडू उजवीकडे, रेषेच्या बाजूला सरकतो, आणि त्याच्यामागे मॅथ्यूज बाणासारखा. संपलं. हे सगळं एका सेकंदाच्या आत.

यातलं विज्ञान समजून घ्यायला दोन प्रयोग करू. प्रयोगशाळा लागत नाही. एक ३० सेंटिमीटरची पट्टी, एक भिंत आणि एक मैत्रीण किंवा मित्र एवढं पुरे.

पहिला प्रयोग. मैत्रिणीला सांगा, पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेव. खालचं शून्याचं टोक तुमच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधोमध, पण पट्टीला हात लावायचा नाही. आता तिने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. बघा किती सेंटिमीटरवर पकडली. बहुतेकांची बोटं १५ ते २५ सेंटिमीटरच्या मध्ये कुठेतरी बंद होतात. पट्टीला २० सेंटिमीटर पडायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं, मेंदूने हुकूम सोडला, तो मज्जातंतूंमधून हातापर्यंत पोचला आणि स्नायू आवळले. एवढ्या सगळ्या प्रवासाला लागणारा हा वेळ.

यातली गंमत लक्षात आली का? पट्टी कुठे जाणार हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. खालीच जाणार, दुसरीकडे कुठे? तरीही २० सेंटिमीटर निसटलीच. काय होणार हे माहीत असून भागलं नाही, कारण कधी होणार हे माहीत नव्हतं. लेफ्ट बॅकचं अगदी हेच होत होतं. मॅथ्यूज बाहेरून जाणार हे त्याला ठाऊक होतं. क्षण मात्र मॅथ्यूज ठरवायचा. आणि ०.२ सेकंद म्हणजे थोडाथोडका वेळ नाही. सेकंदाला सात मीटर वेगाने पळणारा माणूस तेवढ्यात १ मीटर ४० सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे बॅकच्या मेंदूला 'अरे, हा निघाला!' असं कळून पाय हलेपर्यंत पाहुणे घराबाहेर.

आता तुम्ही म्हणाल, मग बॅकने नाटकाकडे बघायचंच नाही. झुकू दे त्याला हवं तितकं. आपण आपलं बाहेरच्या बाजूला उभं राहायचं. बरोबर? तसं उभं राहिलात तर आतली वाट मोकळी, आणि आतल्या वाटेच्या टोकाला गोल आहे. मॅथ्यूज अधूनमधून खरोखरच आत घुसायचा, म्हणजे लोकांना ती वाट विसरता येऊ नये. शिवाय झुकलेल्या धडाकडे दुर्लक्ष करणं आपल्या मेंदूला फार जड जातं. का, ते दुसऱ्या प्रयोगात कळेल.

भिंतीला उजवी बाजू लावून उभे राहा. उजव्या पावलाची कड भिंतीला टेकलेली, उजवा खांदाही टेकलेला. आता डावा पाय बाजूला उचला.

उचलत नाही ना? कितीही जोर लावा, उचलून धरता येणार नाही. एक पाय उचलण्याआधी शरीराचं वजन दुसऱ्या पायावर न्यावं लागतं, आणि त्यासाठी धड त्या बाजूला सरकावं लागतं. इथे भिंत सरकू देत नाही. रोज चालताना आपण हजारो वेळा हे करतो, पण आपल्याला पत्ता नसतो. मेंदूला मात्र असतो. लहानपणापासून माणसं पाहून पाहून तो शिकलेला असतो की पावलाआधी धड बोलतं. ज्या बाजूला धड, त्या बाजूला माणूस. गर्दीच्या फुटपाथवर समोरून येणाऱ्यांना आपण धडकत नाही ते याच शहाणपणामुळे. मॅथ्यूज या शहाणपणालाच फसवत होता. खांदा उडवून दाखवणारे खूप असतात, तेवढ्याने चांगला बॅक फसत नाही. मॅथ्यूजचं वजन खरोखर डावीकडे जायचं.

मला सर्वांत भारी वाटतो तो याचा पुढचा भाग. वजन डाव्या पायावर गेलं की उजवा पाय मोकळा झाला, चेंडू सरकवायला. आणि डावा गुडघा वाकला की डावा पाय तयार झाला, जमिनीला जोराने ढकलून शरीर उजवीकडे फेकायला. उडी मारण्याआधी आपण गुडघे वाकवतो, तसंच हे. म्हणजे ते नाटक नुसतं नाटक नव्हतंच! बॅकला जी हूल वाटत होती, ती मॅथ्यूजच्या पळण्याची तयारी होती. एका हालचालीत दोन कामं. बॅकचं बरोबर उलटं. त्याचं शरीर चुकीच्या दिशेला निघालेलं, ते आधी थांबवायचं, मग उलटं वळवायचं, मग पळायचं.

आणि मेंदू? तो तर आणखीनच अडकलेला. १९३१ साली, म्हणजे मॅथ्यूज व्यावसायिक खेळाडू होण्याच्या एक वर्ष आधी, टेलफर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आवाज ऐकवायचा आणि आवाज आला की कळ दाबायला सांगायचं. दोन आवाजांमध्ये एक-दोन सेकंदांचं अंतर असलं की लोक झटकन कळ दाबत. पण दुसरा आवाज अर्ध्या सेकंदातच आला, तर त्याला उत्तर द्यायला ते जास्त वेळ लावत. पुढच्या संशोधकांनी हे अंतर आणखी कमी करून पाहिलं, तर उशीर आणखी वाढला. आपला मेंदू अशा वेळी एसटीच्या एकट्या कंडक्टरसारखा वागतो. पहिल्याचं तिकीट फाडून होईपर्यंत दुसऱ्याने कितीही हात पुढे केला तरी थांबायचं. मॅथ्यूजचं झुकणं हे पहिलं तिकीट. ते फाडण्यात बॅकचा मेंदू गुंतलेला असतानाच मॅथ्यूज उजवीकडे निघायचा, आणि ती बातमी रांगेत उभी राहायची.

हे पट्टीवरही करून बघता येतं. मैत्रिणीला सांगा, पट्टी सोडण्याआधी हात एकदा खोटाच हलव. तुमची बोटं हवेतच बंद होतील. ती उघडून पुन्हा बंद करेपर्यंत पट्टी जमिनीवर! आणि हो, ती हात हलवणार हे तुम्हाला आता माहीत आहे. तरी बघा करून.

तर असा हा माणूस. पण त्याच्या कारकिर्दीतली सहा वर्षं युद्धाने खाल्ली. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं, लीग बंद पडली आणि मॅथ्यूज हवाई दलात भरती झाला. नेमणूक मिळाली ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाजवळ. फुटबॉलपटूची सर्वांत चांगली वर्षं चोवीस ते तीस, आणि नेमकी तीच गेली. युद्ध संपल्यावर १९४७ साली ब्लॅकपूल क्लबने त्याला साडेअकरा हजार पौंडांना विकत घेतलं, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. अजून दोनेक वर्षं खेळशील ना, असं तिथल्या मॅनेजरने विचारल्याचं सांगतात. तो तिथे चौदा वर्षं खेळला.

चौदा वर्षांतल्या एका दुपारची गोष्ट सांगायलाच हवी. २ मे १९५३, लंडनचं वेम्बली स्टेडियम, एफए कपची फायनल. ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन. मॅथ्यूज ३८ वर्षांचा. याआधी १९४८ आणि १९५१ साली तो दोनदा फायनल हरलेला. निम्म्या इंग्लंडला वाटत होतं की या म्हाताऱ्याला एकदाचं पदक मिळावं. राणी एलिझाबेथ सामना पाहायला आलेली, आणि महिन्याभराने तिचा राज्याभिषेक होणार म्हणून लोकांनी नवे टीव्ही घेतलेले, त्यामुळे घराघरांत सामना दिसत होता. आणि झालं काय, तर तासाभरातच बोल्टन ३-१ ने पुढे!

पण बोल्टनची डावी बाजू लंगडत होती. त्यांच्या एरिक बेलच्या मांडीचा स्नायू सुरुवातीलाच दुखावला होता. त्या काळी इंग्लंडमध्ये बदली खेळाडू आणायची सोयच नव्हती. दुखापत झाली तर लंगडत खेळा, नाहीतर दहा जणांनी खेळा. बेलने लंगडत लंगडत डोक्याने एक गोलसुद्धा केला, कमालच म्हणायची. आणि मॅथ्यूजच्या समोरचा लेफ्ट बॅक राल्फ बँक्स, त्याच्या पायात गोळे येऊ लागले. थकलेला स्नायू आपोआप आवळतो आणि सुटता सुटत नाही, तो गोळा. आता विचार करा. ताज्या पायांनी जो सापडत नाही, तो गोळा आलेल्या पायांनी कसा सापडणार?

शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत ब्लॅकपूलचा प्रत्येक चेंडू उजव्या विंगकडे जायला लागला. मॅथ्यूजला द्या, मॅथ्यूजला द्या! ६८व्या मिनिटाला त्याच्या क्रॉसवर ब्लॅकपूलच्याच मॉर्टेन्सनचा गोल. ३-२. वेळ संपत आली असताना मॉर्टेन्सननेच फ्री किक थेट जाळ्यात मारली. ३-३. आणि जादा मिनिटांत मॅथ्यूज पुन्हा एकदा बँक्सच्या बाहेरून निघाला, गोलरेषेपाशी पोचला, मागे चेंडू वळवताना त्याचा पाय घसरला, तो पडला, पण चेंडू बरोबर सहकारी बिल पेरीपुढे गेला. ४-३!

या सामन्याला आजही मॅथ्यूज फायनल म्हणतात. आधीचा एक धरून तीन गोल मारले मॉर्टेन्सनने, वेम्बलीतल्या कप फायनलमधली ती पहिली हॅटट्रिक, आणि नाव मात्र मॅथ्यूजचं. त्याला स्वतःलाच याचा संकोच वाटायचा. मला विचाराल तर सामन्याचं नाव मॉर्टेन्सनवरून हवं होतं. पण नावं ठेवताना लोक गोल मोजत बसत नाहीत.

आता वयाचं कोडं. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही संथ, जे तासन्‌तास दमत नाहीत. काही चपळ, जे एकदम जोर लावतात आणि लवकर थकतात. विंगरच्या पहिल्या चार-पाच पावलांचं काम चपळ तंतूंचं. वय वाढतं तसे हेच तंतू जास्त आक्रसतात. म्हणून शंभर मीटर धावणारे चाळिशीत जागतिक विजेते होत नाहीत. मॅथ्यूजचे तंतू काही लोखंडाचे नव्हते, पंचेचाळिशीत तोही विशीइतका वेगवान नसणारच. पण त्याला शंभर मीटर कुठे पळायचं होतं? त्याला पाच मीटर हवे होते, आणि बॅकच्या मेंदूकडून ०.२ सेकंदांची उधारी. ती उधारी वयाबरोबर आटत नाही. पाऊल टाकण्याआधी बॅकचं वजन कुठल्या पायावर आहे हे ओळखायला तर वर्षं लागतात.

उरलेल्या चपळ तंतूंना तो फार जपायचा. ब्लॅकपूलला रोज सकाळी समुद्रकाठच्या वाळूत एकट्याने पळायचा. वाळूत पाय रुततो, प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं, पोटऱ्यांना दुप्पट काम. दारू नाही, सिगारेट नाही. गाजराचा रस आणि कच्च्या भाज्या, तेही इंग्लंडमधले खेळाडू सामन्याआधी मोठा मांसाचा तुकडा खात त्या काळात. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे तो दर सोमवारी उपवास करायचा! साबुदाण्याची खिचडी वगैरे नाही हं, सोमवारी जेवायचंच नाही. (सोमवारी उपाशी राहिलं की चेंडू चांगला खेळता येतो असं मी म्हणत नाहीये. तुमचं वाढतं वय आहे, डबा संपवा.)

आणि हा न पिणारा माणूस एकदा सिगारेटच्या जाहिरातीत झळकला! तेव्हा खेळाडूंच्या पगारावर कायद्यासारखी मर्यादा होती. १९६१ साली ती उठली तेव्हाची जास्तीत जास्त रक्कम होती आठवड्याला २० पौंड, मग तुम्ही मॅथ्यूज असा नाहीतर कोणी नवखे. त्याला पाहायला पन्नास हजार माणसं तिकीट काढत आणि गल्ला क्लबच्या खिशात. म्हणून जाहिराती. तरीही ती जाहिरात काही मला पटत नाही.

बुटांची जाहिरात मात्र पटते, कारण ते बूट त्याच्याच डोक्यातून आलेले. तेव्हाचे इंग्लिश बूट म्हणजे घोट्याच्या वर येणारं जाडजूड चामडं, पुढे कडक टोक, तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे स्टड. पावसात भिजले की दगड. १९५० साली विश्वचषकासाठी तो ब्राझीलला गेला आणि तिथल्या खेळाडूंचे पातळ, हलके बूट पाहून चकित झाला. परत आल्यावर त्याने यॉर्कशरमधल्या एका कारखान्याकडून तसे बूट करून घेतले. ते इतके नाजूक असत की थोड्याच सामन्यांत फाटत. पण पायाच्या टोकाशी असलेलं वजन फार महाग पडतं. प्रत्येक पावलाला ते पुढे फेकायचं, थांबवायचं, पुन्हा फेकायचं. तिथून शंभर ग्रॅम कमी झाले तर पायाला लगेच कळतं. पावलाच्या बाहेरच्या कडेने चेंडूला हळूच सरकवायचं, तर चामड्यातून चेंडू जाणवायलाही हवा.

१९५६ साली ब्राझीलचा संघ वेम्बलीला खेळायला आला. त्यांचा लेफ्ट बॅक निल्टन सांतोस जगातल्या सर्वोत्तम बॅकपैकी एक. समोर ४१ वर्षांचा मॅथ्यूज. इंग्लंडने दोन पेनल्टी वाया घालवल्या तरी सामना ४-२ ने जिंकला, आणि निल्टन सांतोसची दुपार वाईट गेली. त्याच वर्षी एका फ्रेंच नियतकालिकाने युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूला सोन्याचा चेंडू द्यायची प्रथा सुरू केली. तोच हा बॅलन डी'ऑर, जो पुढे मेस्सीने आठ वेळा घरी नेला. पहिलावहिला मिळाला मॅथ्यूजला.

सेहेचाळिसाव्या वर्षी, १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये, तो आपल्या जुन्या स्टोक सिटीत परतला. क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये रडतखडत चालला होता. आधीच्या घरच्या सामन्याला प्रेक्षक होते ८,४०९. मॅथ्यूज परतला त्या सामन्याला ३५,९७४! १९६३ साली स्टोकने दुसरी डिव्हिजन जिंकून वरच्या लीगमध्ये उडी घेतली, आणि ज्या सामन्यात हे पक्कं झालं त्यात ४८ वर्षांच्या मॅथ्यूजने स्वतः गोल केला. १९६५ च्या जानेवारीत त्याला सर ही पदवी मिळाली, खेळत असतानाच. ६ फेब्रुवारीला तो फुलहॅमविरुद्ध शेवटचा लीग सामना खेळला. एवढ्या वर्षांत रेफरीने त्याचं नाव एकदाही वहीत लिहून घेतलं नाही. चिडलेल्या बॅकनी त्याला किती लाथा मारल्या, त्याचा हिशोब वेगळा.

पुढे तो बरीच वर्षं आफ्रिकेत मुलांना शिकवत राहिला. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्या सरकारचा वर्णभेद होता, काळ्या मुलांनी गोऱ्यांबरोबर खेळायचं नाही. मॅथ्यूजने सोवेटोमधल्या काळ्या शाळकरी मुलांचा संघ बांधला आणि १९७५ साली त्यांना थेट ब्राझीलला खेळायला नेलं. मुलं स्वतःला स्टॅनची माणसं म्हणवत.

आणि शेवटचा लीग सामना झाला म्हणजे खेळ थांबला असं थोडंच आहे! पन्नाशीत निवृत्त झालो ही घाई झाली, अजून दोन वर्षं सहज खेळलो असतो, असं तो पुढे म्हणायचा. १९८५ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो ब्राझीलमध्ये निवृत्त खेळाडूंच्या एका सामन्यात उतरला आणि गुडघ्याची कूर्चा दुखावून बसला. यावर त्याने काय लिहावं? एका होतकरू खेळाडूची कारकीर्द अकाली संपली, म्हणे.